घरच्या ध्वनिमुद्रणात संगणक हँग होतो तेव्हा

ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर हँग झाले असे म्हटले जाते तेव्हा प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या घटनांपैकी एखादी घडलेली असते, आणि ती कोणती हे न पाहताच उपाय सुरू केल्यास अख्खा दिवस खर्ची पडूनही दोष जागच्या जागी राहतो. पहिल्या प्रकारात पडदा थिजतो, माउसच्या क्लिकला प्रतिसाद मिळत नाही, पण हेडफोनमध्ये गाणे चालूच असते. दुसऱ्या प्रकारात मेनू उघडतात, पडद्यावरची रेषाही कधी कधी पुढे सरकते, परंतु आवाज बंद पडलेला असतो किंवा आवाजाचा एकच तुकडा घर्रर्र करत अडकून बसलेला असतो. तिसऱ्या प्रकारात अख्खा संगणकच ठप्प होतो, माउसचा बाण हलत नाही आणि कॅप्स लॉकची कळ दाबली तरी कळफलकावरचा तिचा दिवा लागत किंवा विझत नाही. पहिल्या प्रकारात दोष बहुधा सॉफ्टवेअरमध्ये किंवा त्याला जोडलेल्या प्लग-इनमध्ये असतो. दुसऱ्यात ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज अंकांत रूपांतरित करून संगणकाला देणारी पेटी, आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे त्या पेटीशी बोलण्याची भाषा संगणकाला शिकवणारी आज्ञावली, यांच्याकडे वळावे लागते. तिसऱ्यात मेमरी, डिस्क, उष्णता, वीज आणि कार्यप्रणालीच्या तळाशी चालणारे इतर ड्रायव्हर यांच्यावर संशय घ्यावा लागतो.

तिन्ही प्रकारांना लागू पडणारी एक गोष्ट अशी, की हँग झालेले सॉफ्टवेअर सहसा मेलेले नसते, ते कशाची तरी वाट पाहत असते. प्लग-इनचे उत्तर, डिस्कवरची फाइल, इंटरनेटवरून मिळणारी परवान्याची मंजुरी, ड्रायव्हरची हालचाल, यांपैकी एखादी गोष्ट अडली की तिच्यामागचे सगळे काम खोळंबते. विंडोजमध्ये एखादी खिडकी साधारण पाच सेकंद कोणत्याही संदेशाला उत्तर देईनाशी झाली की तिच्या माथ्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी अक्षरे येतात. या अक्षरांचा अर्थ प्रोग्रॅम बंद पडला असा नसून तो सध्या दुसरीकडे गुंतला आहे एवढाच असतो. म्हणूनच दोष शोधण्याचे सारे काम, सॉफ्टवेअर नेमके कोणासाठी खोळंबले आहे, या एका प्रश्नाभोवती फिरते. आणि हा प्रश्न न विचारता सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्याची जी सवय अनेकांना जडलेली असते, तिने क्वचितच काही साधते, कारण नव्याने टाकलेले सॉफ्टवेअरही जुन्याच सेटिंग्ज, जुनेच प्लग-इन आणि जुनाच ड्रायव्हर वापरू लागते.

पडदा थिजल्यावर पहिला विचार मुद्रित झालेल्या आवाजाचा करावा. ध्वनिमुद्रण चालू असताना आवाज बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये थेट डिस्कवरच्या फाइलमध्ये लिहिला जात असतो, त्यामुळे सॉफ्टवेअर सक्तीने बंद करण्याआधी काही मिनिटे थांबावे, दुसऱ्या खिडकीतून प्रकल्पाचा फोल्डर उघडावा आणि शेवटच्या फाइलचा आकार पाहावा. ४८,००० हर्ट्झ आणि २४ बिट या प्रचलित मापाने एका माइकचा आवाज मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा घेतो. पाच मिनिटांच्या गायनाची फाइल ४३ मेगाबाइटच्या आसपास असेल तर, प्लेअर तिची लांबी शून्य सेकंद दाखवत असला तरी, आवाज आत शाबूत आहे असे समजण्यास हरकत नाही. असे घडण्याचे कारण म्हणजे वेव्ह फाइलच्या आरंभी एक छोटा शीर्षभाग असतो, त्यात एकूण लांबी नोंदलेली असते, आणि ही नोंद अनेकदा मुद्रण रीतसर थांबवल्यानंतरच केली जाते. मध्येच गळा आवळल्यास आवाज राहतो, नोंद मात्र राहून जाते.

अशी फाइल ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'इम्पोर्ट' मेनूतील 'रॉ डेटा' या वाटेने आत घेता येते. त्या वेळी २४ बिट पीसीएम, लिटल-एंडियन, मोनो किंवा स्टिरिओ आणि मूळचा सॅम्पल रेट (वरील उदाहरणात ४८,००० हर्ट्झ) हे पर्याय हाताने निवडावे लागतात, तसेच आरंभीचे किती बाइट सोडून द्यायचे हेही सांगावे लागते. शीर्षभागाचा सर्वांत साधा आकार ४४ बाइटचा असतो, पण अनेक सॉफ्टवेअर त्यात जादा माहिती घालतात. २४ बिटचा प्रत्येक नमुना तीन बाइटचा असल्यामुळे आरंभबिंदू एका किंवा दोन बाइटने जरी चुकला तरी गाण्याऐवजी नुसता खरखराट ऐकू येतो, आणि अनेक जण याच टप्प्यावर फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकतात. वास्तविक ०, १ आणि २ असे तीन आकडे आळीपाळीने देऊन पाहिले की त्यांपैकी एकावर गाणे स्वच्छ उमटते, फक्त अगदी सुरुवातीला शीर्षभागाचा एक टिचका ऐकू येतो आणि तो कापून टाकता येतो. स्टिरिओ फाइलमध्ये डावा-उजवा यांची अदलाबदल झालेली दिसल्यास आणखी तीन बाइट सोडावेत. खुद्द ऑडॅसिटीमध्ये काम चालू असेल तर प्रकल्पाच्या फाइलशेजारी तात्पुरती दिसणारी, नावाच्या शेवटी डब्ल्यूएएल ही अक्षरे असलेली फाइल कचरा समजून पुसू नये, कारण २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ऑडॅसिटीचा प्रकल्प एका डेटाबेसच्या स्वरूपात साठवला जातो आणि शेवटचे काम त्या जोडफाइलमध्येच असू शकते.

आवाज सुरक्षित असल्याची खात्री झाल्यावर, पण सॉफ्टवेअर बंद करण्याआधी, ते कोठे अडले आहे याचा पुरावा गोळा करावा, कारण बंद केल्यावर तो नाहीसा होतो. विंडोजमधील रिसोर्स मॉनिटर उघडून त्या प्रोग्रॅमच्या नावावर उजवे क्लिक केल्यास 'ॲनालाइझ वेट चेन' हा पर्याय मिळतो, आणि कोणते काम कोणासाठी थांबले आहे याची साखळी तेथे दिसते. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधील 'सॅम्पल' हा पर्याय असेच काम करतो. त्यातून निघणारी लांबलचक यादी सामान्य वापरकर्त्याला कळण्यासारखी नसली तरी तिच्यात एखाद्या प्लग-इनचे वा ड्रायव्हरचे नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर तेवढे पुरे असते. विंडोजचा रिलायबिलिटी मॉनिटर गेल्या काही दिवसांतील अशा घटना तारखेनिशी मांडून दाखवतो, आणि हँग होणे नेमके कोणत्या अपडेटनंतर सुरू झाले हे त्या तक्त्यावरून पुष्कळदा एका दृष्टिक्षेपात लक्षात येते.

पडदा थिजण्याच्या प्रकरणांत प्लग-इनचा वाटा फार मोठा असतो. प्लग-इन म्हणजे रिव्हर्ब, कॉम्प्रेसर किंवा वाद्यांचे नमुने पुरवणारी, मूळ सॉफ्टवेअरच्या आत बसून चालणारी स्वतंत्र आज्ञावली. श्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी हा प्लग-इनचा नमुना प्रचारात आणला, आणि तो नमुना मानणाऱ्या कोणाच्याही सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या कोणाचे प्लग-इन बसवता येऊ लागले. या सोयीची किंमत अशी, की पाहुण्याने अडून बसायचे ठरवले तर यजमानालाही हलता येत नाही. अशा वेळी प्रकल्प प्लग-इनविना उघडून पाहणे हा पहिला उपाय होय. रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्प उघडण्याच्या खिडकीतच सर्व इफेक्ट ऑफलाइन ठेवून उघडण्याचा पर्याय आहे. क्युबेस विंडोजवर सुरू होत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि ऑल्ट या कळा एकत्र दाबून धरल्यास सेटिंग्ज तात्पुरत्या बाजूला ठेवण्याची विचारणा होते. लॉजिक प्रोमध्ये प्रकल्प उघडताना कंट्रोल कळ दाबल्यास कोअर ऑडिओ, म्हणजे मॅकची ध्वनियंत्रणा, सुरू न करता आत जाता येते.

प्रकल्प असा उघडला, तर दोषी प्लग-इन शोधण्यासाठी एकेक तपासत बसण्याची गरज नसते. निम्मे प्लग-इन चालू करावेत, दोष आला तर तो त्या निम्म्यात आहे, न आल्यास उरलेल्यांत. मग त्या गटाचे पुन्हा दोन भाग करावेत. ३२ प्लग-इन असले तरी पाच फेऱ्यांत एकाशी येऊन थांबता येते. मात्र या पद्धतीत प्रत्येक फेरीत एकच बदल करायचा असतो. एखादी सेटिंगही बदलली, ड्रायव्हरही नवा टाकला आणि प्लग-इनही काढले, तर दोष गेला तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तो परत आला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

फुकटात मिळवलेल्या, कुलूप तोडलेल्या प्लग-इनविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे, कारण घरगुती स्टुडिओंत त्यांचा वापर सर्रास होतो. नैतिकतेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी, ज्या आज्ञावलीतील परवाना तपासणारा भाग कोणीतरी बाहेरून कापला आहे ती केव्हा आणि कशी अडेल याचा अंदाज मूळ निर्मात्यालाही करता येत नाही, आणि तिच्यासोबत आलेल्या घातक आज्ञावल्या संगणकाचा वेग खात असतील तर दोष शोधण्याच्या सर्व पद्धती निष्फळ ठरतात. दोषशोधनाच्या दृष्टीने असे प्लग-इन आधी काढून टाकावेत आणि मगच पुढे जावे. रीतसर विकत घेतलेले प्लग-इनही परवान्याच्या मंजुरीसाठी इंटरनेटची वाट पाहत सुरुवातीलाच अडू शकतात. त्यांच्या बाबतीत मंजुरी संगणकावरच साठवण्याची सोय असल्यास ती वापरावी.

आवाज अडकण्याच्या दुसऱ्या प्रकाराकडे वळताना बफर ही संकल्पना नीट समजून घ्यावी लागते. संगणक आवाज सलग हाताळत नाही, तर ठरावीक नमुन्यांचे घास करून हाताळतो आणि त्या घासाच्या आकाराला बफर म्हणतात. ४८,००० हर्ट्झवर २५६ नमुन्यांचा बफर ठेवला तर सर्व ट्रॅक आणि इफेक्ट यांचे गणित ५.३ मिलिसेकंदांच्या आत पुरे करावे लागते, आणि असे सेकंदाला सुमारे १८७ वेळा. एकदा जरी उशीर झाला तर टिचका ऐकू येतो. उशीर वारंवार झाला तर आवाज तुटू लागतो आणि काही ड्रायव्हर अशा वेळी कायमचे अडून बसतात. बफर १०२४ केला तर २१.३ मिलिसेकंदांची सवड मिळते, पण गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो आणि तबलजीची तर पंचाईतच होते. म्हणून गाताना-वाजवताना लहान बफर आणि मोजके इफेक्ट, तर मिक्सिंगच्या वेळी मोठा बफर, अशी विभागणी करावी, आणि इंटरफेसमध्ये डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असल्यास, म्हणजे संगणकाला वळसा घालून माइकचा आवाज थेट हेडफोनला मिळत असल्यास, मुद्रणाच्या वेळीही मोठा बफर ठेवण्यास काहीच अडचण नसते.

टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर २५ टक्केच दाखवत असताना आवाज का तुटतो, हे कोडे अनेकांना पडते. एकाच ट्रॅकवर एकामागोमाग लावलेले इफेक्ट क्रमानेच चालवावे लागतात, म्हणून तेवढी साखळी प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर पडते. बाकीचे गाभे रिकामे असले तरी त्यांचा उपयोग होत नाही. येथे मेमरी वाढवून काही साधत नाही. तो ट्रॅक 'फ्रीझ' करावा, म्हणजे इफेक्टसह त्याची तयार ध्वनिफाइल करून साखळी तात्पुरती उतरवावी.

ड्रायव्हरच्या बाबतीत विंडोज आणि मॅक यांची स्थिती वेगळी आहे. मॅकमध्ये कोअर ऑडिओ अंगभूत असल्याने अनेक इंटरफेस निराळ्या ड्रायव्हरविना चालतात, आणि ध्वनियंत्रणा अडली तर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधून 'कोअरऑडिओडी' ही प्रक्रिया बंद केल्यास ती आपोआप नव्याने सुरू होते. सर्व प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करण्यापेक्षा हा मार्ग जवळचा आहे. विंडोजवर मात्र ध्वनिमुद्रणासाठी एएसआयओ ही श्टाइनबर्गचीच १९९७ ची व्यवस्था वापरली जाते, आणि इंटरफेसच्या निर्मात्याने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर उपलब्ध असताना एएसआयओ-फोर-ऑल वापरणे टाळावे. ते मुळात ज्या उपकरणांना स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर नाही त्यांच्यासाठी आहे: विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर ते एएसआयओचा मुखवटा चढवते, उपकरणावर एकट्याचा ताबा सांगते आणि दुसरा प्रोग्रॅम तेच उपकरण वापरत असेल तर दोघेही अडतात.

हाच ताब्याचा झगडा सॅम्पल रेटमुळेही होतो. रियाजाच्या सवयीने ब्राउझरमध्ये तानपुरा चालू असतो, विंडोजने त्याच्यासाठी इंटरफेस ४८,००० वर लावलेला असतो, आणि ध्वनिमुद्रणाचा प्रकल्प ४४,१०० वर उघडला जातो. साध्या इंटरफेसचे घड्याळ एका वेळी एकाच गतीने चालू शकत असल्याने सॉफ्टवेअर एकतर मौन धारण करते किंवा ड्रायव्हरकडून उत्तर येईपर्यंत थिजते, आणि कधी कधी गाणे सुमारे दीड अर्धस्वराने चढे किंवा उतरे ऐकू येते. तानपुऱ्याची ध्वनिफाइल प्रकल्पातच एका ट्रॅकवर ठेवावी आणि विंडोजच्या इतर सर्व आवाजांसाठी लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर निवडून द्यावेत, म्हणजे हा प्रश्न उद्भवतच नाही.

मिडी कीबोर्ड, म्हणजे आवाजाऐवजी सुरांचे संदेश पाठवणारा कीबोर्ड, जोडलेला असताना सॉफ्टवेअर गुदमरत असेल तर संदेशांचे वर्तुळ तयार झाले आहे का हे पाहावे. कीबोर्डकडून आलेली सुरावट त्याच कीबोर्डला परत पाठवली जात असेल आणि तोही ती पुन्हा पुढे ढकलत असेल, तर क्षणार्धात हजारो संदेश जमा होतात. मिडीचे आउटपुट बंद केल्याबरोबर सॉफ्टवेअर मोकळे झाले, तर दुसरे कारण शोधावे लागत नाही.

ध्वनिमुद्रणाशी काहीही संबंध नसलेला ड्रायव्हरही आवाज अडवू शकतो, आणि ही बाब सर्वांत उशिरा लक्षात येते. वाय-फाय, ब्लूटूथ, ग्राफिक्स कार्ड यांचे ड्रायव्हर प्रोसेसरचा ताबा काही मिलिसेकंद धरून ठेवतात, आणि कार्यप्रणालीत त्यांचा अग्रक्रम इतका वरचा असतो की ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला तोवर थांबण्यावाचून गत्यंतर नसते. लेटन्सीमॉन हे विंडोजवरील साधन दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवल्यास कोणता ड्रायव्हर सर्वाधिक काळ अडवतो त्याचे नाव दाखवते. तेवढी सवड नसेल तर विमान मोड चालू करून पाहावा. त्याने खरखर थांबली तर संशयित वाय-फाय किंवा ब्लूटूथ यांच्याच गोटात सापडतो. याच जोडीला पॉवर सेटिंगमधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे रिकामे वाटणारे यूएसबी पोर्ट झोपवून वीज वाचवण्याची सोय, बंद करावी, कारण झोपलेल्या पोर्टवरचा इंटरफेस नेहमीच वेळेवर जागा होत नाही.

यूएसबीच्या बाबतीत केबल आणि हब यांना कमी लेखले जाते. यूएसबी २ पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिॲम्पिअर विद्युतप्रवाह देण्यास बांधील असतो, आणि स्वतःचा ॲडॅप्टर नसलेल्या हबवर इंटरफेस, बाहेरची हार्ड डिस्क आणि वेबकॅम एकत्र लावले तर एवढ्यावर त्यांचे भागत नाही. कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फॅंटम पॉवर चालू करताक्षणी इंटरफेसचा दिवा मिणमिणला किंवा सॉफ्टवेअर अडले, तर दोष विजेच्या तुटवड्याचा आहे हे जवळजवळ निश्चित समजावे. इंटरफेस थेट संगणकाच्या पोर्टला, शक्यतो त्याच्यासोबत आलेल्या केबलने जोडावा. जेथे वीज वारंवार जाते तेथे आणखी एक गोष्ट घडते: इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणिक खंडात लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतो, पण ॲडॅप्टरवरचा इंटरफेस किंवा हब बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि सॉफ्टवेअर नाहीशा झालेल्या उपकरणाची वाट पाहत थिजते. अशा घरांत लॅपटॉपपेक्षा इंटरफेसलाच यूपीएसची गरज अधिक असते. फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा पाण्याचा पंप सुरू होण्याच्या वेळा आणि इंटरफेस तुटण्याच्या वेळा जुळतात का, हेही ताडून पाहावे.

उष्णतेचा प्रश्न घरगुती ध्वनिमुद्रणात विशेष बिकट असतो. आवाज शुद्ध यावा म्हणून पंखा आणि एसी बंद केलेले असतात, खिडक्यांवर गोधड्या टांगलेल्या असतात, लॅपटॉप गादीवर किंवा सतरंजीवर ठेवलेला असतो आणि त्याची हवा खेचण्याची खालची जाळी कापडाने बुजलेली असते. विदर्भातल्या मे महिन्यात अशा खोलीत प्रोसेसर थोड्याच वेळात तापतो, स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतो, आणि सकाळी सहज पेललेला बफर दुपारी पेलेनासा होतो. पहिला अर्धा तास सुरळीत जाऊन नंतर आवाज तुटू लागणे आणि संगणक थंड झाल्यावर तक्रार नाहीशी होणे, ही या दोषाची खूण होय. लॅपटॉप खोलीबाहेर ठेवावा. मात्र त्यासाठी यूएसबी केबल लांबवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण यूएसबी २ साठी तिची मर्यादा पाच मीटर आहे. माइकची तीन पिनांची बॅलन्स्ड केबल याच्या कितीतरी पट लांब नेली तरी आवाजात फरक पडत नाही, म्हणून इंटरफेस लॅपटॉपजवळ ठेवून माइकचीच केबल वाढवावी. पंख्याची घरघरही त्यामुळे माइकपासून आपोआप दूर जाते.

डिस्कचा वेग हे कारण आता तुलनेने कमी आढळते. २४ बिट, ४८,००० हर्ट्झचे आठ ट्रॅक मिळूनही सेकंदाला १.२ मेगाबाइटपेक्षा कमीच मजकूर लिहिला जातो. अडचण येते ती प्रकल्पाचा फोल्डर वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडच्या ताब्यात असल्यास, कारण मुद्रण चालू असतानाच ती सेवा फाइल वर चढवू पाहते. प्रकल्प साध्या फोल्डरमध्ये ठेवावा, त्या फोल्डरला अँटिव्हायरसच्या सततच्या तपासणीतून वगळावे आणि काम संपल्यावर प्रत वर चढवावी. रात्रभराचे भजन किंवा लांबलेली मैफल एका दमात मुद्रित करणाऱ्यांनी मात्र वेव्ह फाइलच्या ४ गिगाबाइटच्या मर्यादेची आठवण ठेवावी. वरील मापाने स्टिरिओ मुद्रण सुमारे चार तास आठ मिनिटांनी तेथे पोचते. आरएफ६४ हा फाइलप्रकार निवडल्यास ही मर्यादा राहत नाही, परंतु एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर वा बाहेरच्या डिस्कवर ती तरीही राहते, म्हणून असे मुद्रण मध्यंतरात थांबवून नव्या फाइलने सुरू करणे सोयीचे ठरते.

इंटरफेस काढलेला, प्लग-इन बंद, प्रकल्प कोरा, इंटरनेट तोडलेले आणि खोली थंड असूनही संगणक ठप्प होत असेल, तर ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये शोध घेण्यासारखे काही उरत नाही. अशा वेळी सर्व प्रकल्पांची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर काढावी, मग विंडोजची मेमरी तपासणी रात्रभर चालू ठेवावी आणि डिस्कने स्वतःविषयी नोंदवलेली स्मार्ट ही आरोग्यमाहिती पाहावी. दुरुस्तीसाठी संगणक देताना केवळ हँग होतो असे सांगू नये, तर कॅप्स लॉकचा दिवा लागतो की नाही, आवाज चालू राहतो की थांबतो, सुरू केल्यापासून किती वेळाने घडते, कार्यप्रणाली व ड्रायव्हर यांच्या आवृत्त्या कोणत्या आणि बफर किती होता, एवढे एका कागदावर लिहून संगणकासोबत द्यावे. दुकानातील कारागिराला ध्वनिमुद्रण ठाऊक नसले तरी या माहितीवरून त्याला कामाला सुरुवात करता येते.